कयाकचा रोल: उलटलेली होडी न सोडता सरळ कशी करायची

कयाक उलटते. शिकणाऱ्याची उलटते, तशी शिकवणाऱ्याचीही उलटते. उलटल्यावर दोन गोष्टी करता येतात. एक म्हणजे स्कर्ट (कमरेभोवतीचं, होडीत पाणी येऊ न देणारं आवरण) सोडून बाहेर यायचं, होडी आणि पॅडल, म्हणजे दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं, धरून पोहत काठ गाठायचा आणि होडीतलं पाणी उपसायचं. दुसरी म्हणजे आत बसल्या बसल्याच, पॅडलचा थोडा आधार घेऊन, कमरेच्या झटक्यानं होडी पुन्हा सरळ करायची. या दुसऱ्या प्रकाराला रोल म्हणतात. पाहणाऱ्याला तो दंडाच्या ताकदीचा खेळ वाटतो, पण तसं अजिबात नाही. जिममध्ये जाणारे तगडे गडी रोल शिकायला बऱ्याचदा जास्त वेळ घेतात, कारण ते हातांनी होडी उचलायला जातात. क्रम असा असतो: आधी होडी, मग धड आणि सगळ्यात शेवटी डोकं. पुढचं सगळं या क्रमासाठीच आहे.

सुरुवातीलाच एक खुलासा. तारकर्लीला किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर भाड्यानं मिळतात त्या बहुतेक कयाक वर बसायच्या असतात, म्हणजे सिट-ऑन-टॉप. त्यात तुम्ही होडीच्या आत नसता, वर बसलेले असता. ती उलटली की तुम्ही आपोआप पाण्यात पडता, पोटावर पालथे होऊन पुन्हा चढता आणि काम झालं. तिथं रोलचा प्रश्नच येत नाही. रोल लागतो तो बंद डेकच्या, म्हणजे वरून झाकलेल्या कयाकमध्ये: पाय आत, कमरेपर्यंत कॉकपिट (बसायची खोबण) आणि कॉकपिटच्या कडेवर ताणून बसवलेला स्प्रे स्कर्ट. खळाळत्या नदीतल्या आखूड होड्या आणि समुद्रातल्या लांब होड्या, दोन्ही याच जातीच्या.

ही विद्या ग्रीनलंडच्या इन्युइट शिकाऱ्यांची. सील मारायला बर्फाळ समुद्रात एकट्यानं जायचं, अंगात सीलच्याच कातड्याचा जाकीट, त्याची खालची कड कॉकपिटला घट्ट बांधलेली. उलटल्यावर बाहेर पडून पोहत बसलं तर थंडीनंच माणूस जायचा. त्यामुळं रोल येणं हा जगण्यामरण्याचा प्रश्न होता. नुसतं पॅडल वापरून, पॅडल हरवलं तर भाला फेकायला वापरायच्या फळीनं, तेही नसेल तर रिकाम्या हातानं, असे रोलचे कितीतरी प्रकार त्यांनी बसवले होते. ग्रीनलंडमध्ये आजही त्याच्या स्पर्धा होतात. युरोपियनांपैकी रोल जमवणारा पहिला म्हणून ऑस्ट्रियाच्या हान्स पावलाटाचं नाव घेतात. साल 1927. त्यानं तो ग्रीनलंडला जाऊन शिकला नव्हता. प्रवाशांनी लिहून ठेवलेली वर्णनं वाचून, तळ्यावर खटपट करून त्यानं तो बसवला. म्हणजे वाचून रोल शिकता येतो, याला आधार आहे! तरी पाण्यात तुमच्याशेजारी कुणीतरी जाणकार उभा असलाच पाहिजे. ही अट या लेखातली सगळ्यात महत्त्वाची अट समजा.

कुठं शिकायचं आणि काय लागतं

छातीभर पाण्याचा, स्वच्छ, स्थिर तलाव सगळ्यात चांगला. पोहण्याचे तलाव कयाक आत घेऊ देत नाहीत, ही आपल्याकडची नेहमीची अडचण. होडी धुऊन आणतो, आतला गाळ तलावात येणार नाही आणि गर्दीच्या वेळी येणार नाही, एवढं नीट सांगितलं तर काही ठिकाणी परवानगी मिळते. नाहीतर कयाकिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या पाण्यावर जा. शहरातल्या नदीत मात्र रोल शिकू नका. मुळा-मुठेचं पाणी नाकातोंडात घेण्याच्या लायकीचं राहिलेलं नाही आणि रोल शिकताना ते नाकातोंडात जाणारच.

लागणाऱ्या वस्तू मोजक्याच: अंगाला बसणारी कयाक, कॉकपिटच्या मापाचा स्कर्ट, पॅडल, लाईफ जॅकेट आणि नोज क्लिप. नोज क्लिपला हसू नका. उलटं लटकल्यावर नाकात पाणी शिरलं की डोक्यात दुसरा विचारच येत नाही, आणि इथं तर विचार करायला डोकं शांत हवं. पहिले काही दिवस पोहण्याचा चष्मा लावा. पाण्याखाली पॅडल कुठं आहे ते दिसलं की निम्मी भीती तिथंच जाते. नदीत हेल्मेट सक्तीचं. तलावातही काठ जवळ असेल तर घाला. खांदा पूर्वी निखळलेला असेल, कानाच्या पडद्याचा त्रास असेल किंवा फिट येत असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

होडी अंगाला बसते की नाही हे बहुतेक जण बघतच नाहीत, आणि इथंच पहिला घोळ होतो. पावलं पुढच्या टेकूंवर टेकलेली हवीत, गुडघे बाहेरच्या बाजूला डेकच्या आतून दाबलेले, आणि कुल्ले डावी-उजवीकडं सरकायला जागा नको. सरकत असतील तर दोन्ही बाजूंना फोमचे तुकडे घाला. काठावर, कोरड्या जमिनीवर बसून कंबर डावीकडं उचला, मग उजवीकडं उचला. कमरेबरोबर होडीही कलली पाहिजे. तुम्ही कललात आणि होडी जागची हलली नाही, तर पाण्यातही तेच होणार.

पायरी 1: आधी बाहेर पडायला शिका

रोलच्या आधी वेट एक्झिट, म्हणजे उलट्या होडीतून बाहेर पडणं. ते अंगवळणी पडल्याशिवाय पुढं जाऊ नका. बाहेर पडता येतं हे शरीराला पक्कं ठाऊक नसेल, तर पाण्याखाली ते घाबरणार, आणि घाबरलेलं शरीर पहिली गोष्ट करतं ती म्हणजे डोकं वर काढायची धडपड. रोल बिघडतो तो नेमका त्याच धडपडीनं.

स्कर्टच्या पुढच्या टोकाला एक पट्टा असतो. स्कर्ट लावताना तो बाहेर राहिलाय ना, हे दर वेळी हातानं चाचपून बघा. डोळ्यांनी बघून भागत नाही. पट्टा आत अडकला तर स्कर्ट उघडायला जड जातो. सोबत्यालाही बघायला सांगा.

आता शेजारी माणूस उभा ठेवून मुद्दाम उलटा. उलटताना पुढं वाका, कपाळ डेकच्या जवळ न्या. सगळं थांबलं की दोन्ही हात पाण्याबाहेर काढून होडीच्या तळावर तीन वेळा थाप मारा. हे नाटक वाटेल, पण त्यामुळं घाई जाते, आणि होडी कुठं आणि हात कुठं याचा अंदाज येतो. मग दोन्ही हात कॉकपिटच्या कडेवरून पुढं सरकवा, पट्टा सापडला की तो आधी पुढच्या टोकाकडं ताणा आणि मग आपल्याकडं ओढा. स्कर्ट सुटला. आता हात कमरेशेजारी कॉकपिटच्या कडेवर ठेवा आणि विजार काढतो तशी होडी अंगावरून खाली ढकला. सगळा वेळ पुढं वाकलेलेच राहा. मागं रेललात की मांड्या डेकला अडकतात. पाय सुटले की लाईफ जॅकेट वर आणतंच. बाहेर आल्यावर एक हात होडीवर, दुसऱ्या हातात पॅडल, हीही सवय इथंच लावा.

हे कंटाळा येईपर्यंत करा. कंटाळा आला म्हणजे भीती गेली.

यातच एक उपप्रकार शिकून घ्या. उलटल्यावर थापा मारा आणि दोन्ही हात तळाच्या दोन्ही बाजूंनी पुढं-मागं फिरवत राहा. सोबती त्याच्या होडीचं पुढचं टोक तुमच्या हाताशी आणतो. ते टोक धरा, त्यावर डोकं टेकवा आणि कमरेनं होडी सरळ करा. पुढं रोल फसले की दर वेळी बाहेर पडून पाणी उपसण्यापेक्षा हे बरं. शिवाय पुढच्या पायरीचा सरावही यातच होतो.

पायरी 2: कंबर

सगळा रोल इथं आहे. बाकीच्या पायऱ्यांवर घालवाल त्याच्या दुप्पट वेळ इथं घालवा.

होडी तलावाच्या कडेला समांतर आणा, पॅडल बाजूला ठेवा. उजवीकडं काठ असेल तर दोन्ही हातांनी काठ धरा आणि हळूहळू काठाच्या बाजूला होडी आपल्यावर पालथी होऊ द्या. उजवा कान पाण्यात, डोकं हातांजवळ. आता हातांवर जोर न टाकता फक्त कमरेनं होडी सरळ करायची आहे. उजवा गुडघा वर ओढा, डावा सैल सोडा. होडी गर्रकन तुमच्या खाली फिरून येईल आणि तरीही तुमचं डोकं काठाला, हातांवरच असेल. होडी पूर्ण सरळ झाल्यावरच डोकं उचलायचं, तेही घरंगळत वर आणल्यासारखं.

हात किती काम करताहेत ते ओळखायची सोपी खूण आहे. सोबत्याला तुमच्या बोटांकडं बघायला सांगा. काठ दाबताना नखं पांढरी पडत असतील तर तुम्ही हातानं उठताय. नखं गुलाबीच राहिली तर कंबर काम करतेय. पुढं काठाऐवजी सोबत्याचे तळहात घ्या, मग पाण्यावर तरंगणारा फोमचा तुकडा. तो तुकडा जेमतेम बुडाला पाहिजे. तुकडा खोल गेला, की परत काठाशी या.

डोक्याचा एवढा बाऊ का? पाण्यात असेपर्यंत डोक्याचं वजन पाणीच तोलतं. ते पाण्याबाहेर उचललं की चार-पाच किलोचं ओझं शरीराच्या अगदी टोकाशी, होडीपासून सगळ्यात लांब लटकतं आणि होडीला परत उलटं ढकलतं. वरून आणखी एक गंमत: उजवीकडून वर येताना डोकं डावीकडं उचललं, की अंग आपसूक उजव्या गुडघ्याचा जोर सोडून डाव्या गुडघ्यानं ओढायला लागतं, म्हणजे होडी नेमकी उलट दिशेनं फिरते. तेव्हा उजवा कान उजव्या खांद्याला चिकटवून ठेवा. दातात कापड धरून, त्याचं दुसरं टोक खांद्याशी लाईफ जॅकेटच्या पट्ट्याखाली खोचून सराव करणारेही आहेत. दिसायला विचित्र, पण उपाय नामी.

पायरी 3: पॅडलची मांडणी

रोलचे प्रकार बरेच आहेत. नवख्यासाठी मी स्वीप रोल सुचवेन: पॅडल पाण्याच्या पृष्ठभागावरून कमानीत फिरवत वर यायचं. दुसरा लोकप्रिय प्रकार सी-टू-सी. त्यात पॅडल आधी होडीशी काटकोनात आणायचं आणि मग एकाच झटक्यात कंबर फिरवायची. काही प्रशिक्षक तोच आधी शिकवतात. तुमचे प्रशिक्षक जो शिकवतील तो शिका, दोन्हींची खिचडी करू नका.

उजव्या हाताच्या माणसासाठी मांडणी अशी. सरळ बसलेले असतानाच धड डावीकडं वळवा आणि पुढं वाका. पॅडल होडीच्या डाव्या अंगाला समांतर, पाण्याला टेकलेलं. उजवा हात पुढं, डावा हात डाव्या कमरेशी. पुढच्या पात्याची पाणी ओढणारी बाजू आकाशाकडं. आता डावीकडंच उलटा. आलेल्या गतीतच अंग होडीखालून जाऊन दुसऱ्या बाजूला, पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येऊ लागतं. दोन्ही हात वर, म्हणजे पाण्याबाहेर, हवेत काढा. हातांना वारा लागला पाहिजे. सोबत्याला पुढच्या पात्यावर हलकी टिचकी मारायला सांगा, म्हणजे ते पृष्ठभागावर सपाट आहे की बुडालंय, ते कळेल.

इथं थांबा. एक क्षण खरोखर थांबा. नवखा माणूस उलटताक्षणी पॅडल ओढतो. तेव्हा होडी अजून स्थिरावलेली नसते आणि हात पाण्याबाहेर आलेले नसतात.

पायरी 4: कमान आणि झटका

आता पुढचं पातं होडीच्या टोकापासून बाहेरच्या बाजूला, पाण्याच्या अंगावरून, मोठ्या कमानीत फिरवा. पात्याची बाहेरची कड किंचित वर हवी, म्हणजे ते पाण्यावर चढत जाईल. कड खाली झुकली की पातं थेट तळाकडं सूर मारतं. मनगटात फार थोडा फरक असतो, पण त्यावरच सगळं अवलंबून.

ही कमान हातांनी ओढायची नसते. हात जवळजवळ आहेत तसेच ठेवून धड उलगडायचं, म्हणजे पुढं-डावीकडं वळलेलं अंग उजवीकडं उघडत न्यायचं. डावं कोपर बरगड्यांना चिकटलेलं. मागचं पातं होडीच्या तळावरून अलगद सरकून जाऊ द्या. ते तळाखाली अडकलं तर पुढचं पातं बुडणारच. पातं टोकापासून निघून काटकोनाकडं येऊ लागलं की उजवा गुडघा वर ओढायला लागा, काठाशी केलं तसंच. कमान आणि गुडघा एकत्र संपले पाहिजेत. नजर शेवटपर्यंत उजव्या पात्यावर. नजर तिथं असेल तर डोकं आपोआप खाली राहतं. वर आल्यावर पात्यावरून पाणी निथळताना दिसलं, तर समजा नजर बरोबर होती. काठाकडं किंवा मोबाईल धरलेल्या मित्राकडं बघत वर आलात, तर या वेळी जमलं तरी पुढच्या वेळी फसणार.

खांद्यासाठी एक सक्त सूचना: हात ताणून, डोक्याच्या वर आणि मागं नेऊन पॅडलवर लटकू नका. खांदा निखळतो तो याच अवस्थेत. कोपरं वाकलेली आणि छातीसमोरच्या चौकटीत राहिली पाहिजेत.

फसलं तर का फसलं

निम्मं वर येऊन परत पडलात, तर डोकं लवकर उचललंत. दहातले आठ वेळा हेच असतं, असं कुठलाही प्रशिक्षक डोळे झाकून सांगेल. अजिबात वरच आला नाहीत आणि पॅडल खोल गेलं, तर एकतर मनगट चुकलं किंवा हातानं ओढलंत. पॅडल होडीला थडकलं, तर मांडणीत हात पाण्याबाहेर आले नव्हते. वर आलात आणि लगेच दुसऱ्या बाजूला आडवे झालात? मग अभिनंदन, ताकद गरजेपेक्षा जास्त लावलीत. निम्म्या जोरानं करा.

पाण्याखाली जातो तो वेळ नेहमी जास्त वाटतो. किनाऱ्यावरून कुणी मोजलं तर मांडणीपासून वर येईपर्यंत काही सेकंदच होतात. म्हणून पहिला प्रयत्न फसल्यावर लगेच पट्टा ओढू नका. पुन्हा पुढं वाका, पुन्हा मांडणी करा, दुसरा प्रयत्न करा. दोनदा नाही जमलं तर थापा मारून सोबत्याला बोलवा किंवा बाहेर पडा. दमलेल्या अंगानं रोल शिकू नका. थकवा आला की कंबर सुटते, हात पुढं होतात आणि तीच सवय लागते. कान बधिर झाले, डोकं हलकं वाटायला लागलं, की त्या दिवसापुरतं पुरे.

व्हिडिओ जरूर काढा, पण बाजूनं नको, होडीच्या पुढच्या टोकासमोरून काढा. डोकं आधी आलं की होडी, हे समोरूनच दिसतं.

तलावातून नदीकडं

तलावातला रोल आणि नदीतला रोल यांच्यात मोठा फरक असतो. तलावात तुम्ही ठरवून, मांडणी करून, श्वास भरून उलटता. नदी विचारून उलटवत नाही. त्यामुळं तलावातच मुद्दाम वेडंवाकडं उलटायला शिका: पॅडल कुठंही असताना, उजवीकडून, मागून, एक हात सोडून. पाण्याखाली मांडणीपर्यंत पोचणं हा वेगळा सराव आहे आणि तो बहुतेक जण टाळतात. डाव्या बाजूचा रोलही हळूहळू सुरू करा. प्रवाह किंवा खडक नेमका तुमच्या आवडत्या बाजूला असेल तर दुसरी बाजू लागतेच.

नदीत उलटल्यावर पुढं वाकण्याला आणखी एक कारण आहे. तळाला खडक असतात. वाकलेल्या माणसाचं हेल्मेट आणि लाईफ जॅकेटची पाठ खडकाला लागते. मागं रेललेल्याचं तोंड लागतं.

एकट्यानं जाऊ नका. ब्रिटिश मोहिमवीर गिनो वॉटकिन्स ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांकडून रोल शिकला होता, त्यात चांगला मुरलेला होता. 1932 साली तो तिथंच सीलच्या शिकारीला कयाकमधून एकटा गेला. नंतर सापडली ती रिकामी कयाक.

महाराष्ट्रात वाहत्या पाण्याचा पहिला अनुभव बहुतेकांना कोलाडजवळ कुंडलिकेत मिळतो. या नदीचं पाणी निसर्गाच्या वेळापत्रकावर चालत नाही. ज्या मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, त्याचंच पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात येतं आणि वीज करून झाली की कुंडलिकेत सोडलं जातं. साधारणपणे सकाळी पाणी येतं आणि राफ्ट, कयाक सगळे त्याच लाटेवर निघतात. पाणी सुटलं नाही तर नदीत खडकच खडक. पावसाळ्यात गणित आणखी बदलतं. त्यामुळं आदल्या दिवशी तिथल्या राफ्टिंगवाल्यांना फोन करून दोन गोष्टी विचारा: उद्या पाणी किती वाजता आणि किती सोडणार, आणि तुमच्याबरोबर सेफ्टी कयाक, म्हणजे मदतीसाठी सोबत राहणारी होडी, कुणाची असणार. पहिल्या खेपेला राफ्टमध्ये बसून नदी बघून घ्या, कुठं पाणी शांत होतं आणि कुठं काठाला लागता येतं ते लक्षात ठेवा. दुसऱ्या खेपेला कयाक न्या. आणि पहिला नदीतला रोल खळाळाच्या शेपटीशी, शांत डोहात मुद्दाम उलटून करा. सोबती एका होडीच्या अंतरावर, त्याच्या होडीचं टोक तुमच्याकडं.